खाडीपलीकडची सुट्टी

मुले वार्षिक परीक्षेतून मोकळी झाली, की मुलुंडपासून बोरिवलीपर्यंतच्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते. यंदा कुठे? महाबळेश्वर दोनदा झालेले असते, गावच्या घराचे कौल शाकारायचे राहिलेले असते, आणि शेजारचे कुटुंब नेमके अंदमानला जाऊन आलेले असते. मग अंदमान, लक्षद्वीप, अगदी मालदीवसुद्धा, अशी नावे रात्रीच्या जेवणाच्या वेळी ताटांवरून फिरू लागतात. निळे पाणी, नारळाची झाडे, गर्दी नाही, गोंगाट नाही. पुढे कुणीतरी विमानाच्या भाड्याला चाराने गुणतो आणि घरात एकदम शांतता पसरते. ती मात्र बेटावरची नव्हे!

गंमत अशी, की बेटावर जाण्याचे बेत आखणारी ही सारी मंडळी मुळात बेटावरच राहतात. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही उपनगरे ज्या जमिनीवर उभी आहेत ती साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी, असे सांगतात. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला वसईची आणि दक्षिणेला माहीमची. चारी बाजूंनी पाणी. पण लोकलच्या डब्यात चौथी सीट मिळवण्याच्या धडपडीत आपण बेटकरी आहोत हे कुणाच्या लक्षात राहणार? भाईंदर सोडून नायगावकडे जाताना खिडकीतून गार वारा येतो, खाली चमकते पाणी दिसते, त्या दोन मिनिटांत काय ती आठवण. त्या पुलांच्या मध्ये पाणजू नावाचे एक गाव लागते. रेल्वे गावावरून धडधडत जाते, पण गावाला स्थानक नाही. पाणजूकर अजूनही होडीत बसून नायगावला येतात.

याच साष्टीच्या पश्चिम काठाला, बोरिवली आणि मालाडच्या स्थानकांपासून तासाभराच्या आत, अजून थोडी बेटे बेटांसारखी उरली आहेत. गोराई, मनोरी आणि उत्तन ज्यावर वसली आहेत ते धारावी बेट आणि त्याच्या दक्षिणेला खाडीपलीकडे मार्वे, एरंगळ आणि मढ. (ही धारावी शीव-माहीमजवळची नव्हे.) भूगोलाच्या मास्तरांनी कान पकडण्याआधी सांगायला हवे, की यांतले एकही आता काटेकोर अर्थाने बेट राहिलेले नाही. मढला मालाडहून मार्वेमार्गे बस जाते, उत्तनला भाईंदरहून रस्ता आहे, आणि तोच पुढे गोराई-मनोरीला पोचतो. पण बोरिवलीच्या माणसाला गोराई समोर दिसत असताना रस्त्याने जायचे तर दहिसर, भाईंदर असा भला मोठा वळसा पडतो. खाडी मात्र बोटीने काही मिनिटांची. तेव्हा व्यवहारात ती बेटेच, आणि तिथली जी शांतता आपण शोधायला जातो ती या खाडीनेच राखून ठेवली आहे.

हे नीट समजायला थोडे मागे जावे लागेल. मुंबई सात बेटांची होती हे शाळकरी पोरही घडाघडा म्हणून दाखवते: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. ती एकमेकांना जोडली जाण्याआधी तीही अशीच होती. ताडामाडांची, कोळीवाड्यांची, भातखाचरांची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी डंकन गव्हर्नर असताना शीवजवळ बांध पडला आणि मुंबई साष्टीला पायवाटेने जोडली गेली. १८३८ साली कुलाब्याचा बांध झाला. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये तेव्हाही होडीच होती. पावसाळ्यात ही खाडी ओलांडणे जिवावरचे काम. सरकार खर्चाला तयार होईना, तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी एक लाख सत्तावन्न हजार रुपये दिले, आणि १८४५ साली माहीमचा बांध खुला झाला. येणाऱ्या-जाणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही, अशी बाईंची अट होती म्हणतात. १८६७ साली विरारहून बॅक बेपर्यंत आगगाडी धावू लागली. त्याआधी हवापालटासाठी ज्या वांद्र्याला, अंधेरीला लोक बंगले बांधत, ती गावे बघता बघता स्थानके झाली आणि स्थानकांची उपनगरे झाली.

आवाबाईंच्या दानाला नावे ठेवण्याचा करंटेपणा कोण करील? त्या बांधाने किती जीव वाचवले असतील. पण मुंबईच्या इतिहासात हा क्रम मात्र एकदाही चुकलेला नाही. आधी बांध, मग वाहन, मग बंगला आणि मग इमारत. गोराई-मनोरीच्या वाट्याला यातली पहिली पायरीच इतकी वर्षे नीट आली नाही, म्हणून त्या आज आहेत तशा आहेत.

आता प्रत्यक्ष जाऊ. मालाड स्थानकाच्या पश्चिमेकडून बस धरायची, मार्वेला उतरायचे. वाटेत नौदलाचा 'हमला' तळ लागतो. त्याच्या पुढे धक्का. फेरीबोटीचे तिकीट काढताना कळते, की आपल्याखेरीज सगळे जण एकमेकांना ओळखतात. एका बाजूला मोटारसायकली चढवल्या जातात, दुसऱ्या बाजूला रिकाम्या झालेल्या मासळीच्या पाट्या. मालाडच्या बाजारात सकाळचा धंदा आटोपून परत निघालेल्या कोळणी पाट्यांशेजारीच बसतात. आमच्या शेजारी बसलेल्या एका मावशींनी आमच्या धाकटीला विचारले, "पहिल्यांदा आलीस गो बाय?" आणि उत्तराची वाट न पाहता तिला आपल्या पलीकडे, काठापासून आत, सरकवून बसवले. पंधरा मिनिटेही लागत नाहीत. पण मागे वळून पाहिले तर इमारतींची ती राखाडी भिंत एवढ्यात पुष्कळ दूर गेलेली असते.

मनोरीत उतरल्यावर पहिली जाणवते ती आवाजाची उणीव. नंतर हळूहळू दुसरे आवाज ऐकू येऊ लागतात. ताडाच्या झावळ्यांची सळसळ, कोंबडा, लांबून एखादी रिक्षा. रस्त्याच्या कडेला उतरत्या छपरांची, पडवीची घरे. वळणावळणावर क्रूस, त्याला झेंडूची माळ. हो, झेंडूचीच. भात कापून झालेल्या शेतांत काही ठिकाणी भाजीपाल्याचे वाफे. किनाऱ्याकडे सुरूची झाडे, आणि त्यापलीकडे एक लांबच लांब, काळसर वाळूचा किनारा. मालदीवच्या चित्रातली पांढरी वाळू नाही, पाणीही निळे नाही. ज्यांना तेच हवे त्यांनी विमानाचे तिकीट काढावे. इथे सोमवार-मंगळवारी गेलात तर एवढ्या मोठ्या किनाऱ्यावर तुमच्या कुटुंबाशिवाय जाळे दुरुस्त करणारे दोघे-तिघे आणि चार कुत्री एवढीच वस्ती असते. शनिवार-रविवारी चित्र वेगळे. विशेषतः गोराईला. त्याबद्दल पुढे.

इथली माणसे मुख्यतः ईस्ट इंडियन ख्रिस्ती, कोळी आणि भंडारी. 'ईस्ट इंडियन' हे नाव ऐकून पुष्कळांचा गोंधळ होतो. ही मंडळी पूर्वेकडून आलेली नाहीत, इथलीच. उत्तर कोकणातले हे मूळचे रहिवासी पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले. पुढे इंग्रजी राज्यात गोव्याहून आणि मंगळूरहून नोकऱ्यांसाठी ख्रिस्ती लोक मुंबईत येऊ लागले, तेव्हा आपण भूमिपुत्र वेगळे हे दाखवायला या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या नावावरून हे नाव घेतले. नाव इंग्रजी, धर्म ख्रिस्ती, पण घरची बोली मराठीच. वयस्क बायका अजून लुगडे नेसलेल्या दिसतात, आणि त्यांचे बोलणे कान देऊन ऐकले तर आपल्याला परके असे काही वाटत नाही. लग्नातली गाणीसुद्धा मराठी.

उन्हाळ्यात गेलात तर एखाद्या अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या दिसतील. तो बाटली मसाल्याचा हंगाम. मिरच्या, हळद, धणे, तीळ, खसखस आणि कितीतरी जिन्नस वेगवेगळे भाजून, कांडून, हा मसाला गडद रंगाच्या बिअरच्या बाटल्यांत ठासून भरतात. उजेड लागू नये, रंग उडू नये म्हणून ती बाटली. प्रत्येक घराचे प्रमाण निराळे आणि ते विचारले तर हसून विषय बदलला जातो! त्या मसाल्यातले कालवण, तांदळाची जाड भाकरी, सणावाराला फुगे. मैद्याचे आंबवलेले पीठ हाताने पिळून तेलात सोडले की गोल फुगून वर येतात, म्हणून फुगे. गावातल्या काही घरांतून आधी सांगितले तर जेवणाची सोय होते. आधी सांगितले तर, हे महत्त्वाचे. इथे कुणी तुमच्यासाठी दुकान मांडून बसलेले नाही.

जाण्याचा दिवस ठरवताना रजेचा अर्ज पाहतो तसे पंचांगही पाहावे. कोकणातल्या आजोबांचा एक हिशेब आहे, तो मुंबईच्या किनाऱ्यालाही लागू पडतो. तिथीला तीनाने गुणायचे, चाराने भागायचे, की भरतीची साधारण वेळ मिळते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दुपारी बाराच्या आसपास उधाणाचे पाणी चढते आणि तितकेच खोल मागे जाते. अष्टमीच्या आसपास भांगाचे पाणी, ते संथ. मुलांना पाण्याच्या कडेला खेळवायचे तर हे दिवस बरे. पूर्ण ओहोटीला खाडीच्या काठावर चिखल उघडा पडतो, धक्क्याच्या पायऱ्या निसरड्या होतात. पण ज्यांच्या मुलांना जीवजंतूंचे कुतूहल आहे त्यांनी नेमकी तीच वेळ साधावी. तिवरांच्या मुळांपाशी निवट्या उड्या मारत असतात. मासा असून चिखलावर चालणारा हा प्राणी शहरातल्या पोरांना सर्कशीपेक्षा जास्त आवडतो, हा आमचा अनुभव. एकेक चिंबोरी आपला एकच मोठा नांगा हलवत बिळाच्या तोंडाशी पहारा देत असते.

मढच्या बाजूला पाहण्यासारखे अधिक आहे आणि वर्दळही अधिक. वर्सोव्याच्या धक्क्यावरून बोटीत बसले की पाच मिनिटांत मढ. रस्त्याने हेच अंतर मालाडवरून फिरून जावे लागत असल्याने वीस किलोमीटरच्या वर जाते. टोकाला पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला, जो १७३९च्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. आज तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, त्यामुळे बाहेरूनच पाहायचा. आत हिंदी चित्रपटांतल्या कितीतरी खलनायकांनी प्राण सोडलेले आहेत, तेवढे समाधान मानावे. एरंगळला समुद्राच्या अगदी कडेला संत बोनाव्हेंचर यांचे १५७५ साली बांधलेले चर्च आहे. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी तिथे जत्रा भरते. पूर्वी लोक बैलगाड्या जुंपून, भांडीकुंडी घेऊन येत आणि किनाऱ्यावरच चूल मांडत. येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि हिंदू किती हे कुणी मोजत नाही. अक्साच्या किनाऱ्याबद्दल मात्र एकच सांगायचे आहे: पाण्यात उतरू नका. वाळू पायाखालून सरकते, दरवर्षी तिथे तरुण मुले बुडतात.

उत्तन हे मासेमारांचे जागते गाव. डोल जाळ्यांतून आलेले बोंबील बांबूच्या आडव्या काठ्यांवर जबडा जबड्यात अडकवून ओळीने वाळत घातलेले, आणि त्यांचा तो वास. नाकाला रुमाल लावणाऱ्यांनी घरी जाऊन सुक्या बोंबलाची चटणी खाऊ नये, एवढेच आमचे म्हणणे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, मासेमारी बंद असते. 'समुद्राची माता' मानलेल्या मेरीच्या नावाचे चर्च गावात आहे. पुढे चौकच्या टेकाडावर जंजिरे धारावीचे अवशेष. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत हे टोक हाती येणे फार मोलाचे होते. इथे उभे राहिले की वसईच्या खाडीचे सबंध मुख नजरेत येते, आणि नकाशावर न कळलेली लढाई डोळ्यांसमोर उलगडते. मुलांना इतिहासाचे पुस्तक इथे आणून वाचून दाखवावे.

इथवर सारे छान. पण आपण ज्या होडीत मौज म्हणून बसतो, तीच होडी इथल्या माणसाला रोज धरावी लागते. कॉलेजचे वर्ग, कचेरी, इस्पितळ, सारे खाडीपलीकडे. रात्री उशिरा एखाद्या बाईच्या पोटात दुखू लागले, तर बोट बंद झालेली असते आणि भाईंदरचा वळसा समोर उभा राहतो. उधाण, वादळ, धुके, यांतले काही आले की त्या दिवशीची परीक्षा चुकू शकते. मनोरीच्या धक्क्यावर भेटलेल्या एका शिक्षिकेने आम्हाला विचारले, "तुम्हाला इथे शांत वाटतं, ते बरोबर आहे. पण रात्री दोनला तुम्ही इथे नसता ना?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

म्हणून पूल नको, असे म्हणण्याचा अधिकार बोरिवलीच्या गच्चीवरून हवा खाणाऱ्याला नाही. मात्र कुठला पूल, कुणासाठी, हे विचारण्याचा आहे. कारण खाडीपलीकडे आजवर जे आले ते बहुतेक शहराच्या गरजेपोटी आले. १९८९ साली गोराईत एस्सेल वर्ल्ड सुरू झाले. उपनगरांतल्या एका सबंध पिढीची शाळेची सहल तिथे गेली. २०२२ पासून त्याचे दरवाजे बंद आहेत. त्याच्या शेजारी विपश्यनेचा पॅगोडा उभा राहिला, २००९ साली त्याचे उद्घाटन झाले. एकाही खांबाचा आधार नसलेल्या त्याच्या दगडी घुमटाखाली आठ हजार माणसे ध्यानाला बसू शकतात, आणि तो पाहायला जरूर जावे. दोन्ही ठिकाणी लाखो माणसे बोटीने आली आणि बोटीने परत गेली. त्याच दशकात या साऱ्या पट्ट्यावर विशेष पर्यटन क्षेत्राची योजना निघाली, तेव्हा मात्र गावे उठली. शेती, घरे, किनारा हे सगळे कुणाच्या तरी आराखड्यात रंगवलेले पाहून मच्छीमार आणि शेतकरी रस्त्यावर आले, आणि ती योजना मागे पडली.

आता पुन्हा हालचाल आहे. मनोरीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प महापालिकेने आखला आहे, आधी दिवसाला २० कोटी लिटर आणि पुढे ४० कोटी. मुंबईला पाणी हवे, हे कबूल. पण उरलेले खारट पाणी ज्या समुद्रात सोडायचे तिथे जाळी टाकणाऱ्यांना काळजी वाटणारच. वर्सोवा आणि मढ यांच्यामध्ये पूल बांधायचे ठरले आहे. वर्सोव्याहून दहिसर-भाईंदरकडे जाणारा सागरी किनारा रस्ता चारकोप-गोराईच्या बाजूने आखलेला आहे, आणि त्यासाठी तिवरे तोडावी लागणार आहेत. २००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडायला बंदी घातली, त्यामुळेच ही राई इतकी तरी टिकली. उत्तनच्या बाजूला मीरा-भाईंदरचा कचरा येऊन पडतो, त्याविरुद्ध गावकऱ्यांचे भांडण कित्येक वर्षे चालू आहे. २०२५ साली तिथल्याच डोंगरीला मेट्रोच्या कारशेडसाठी हजारो झाडे पडणार म्हणून लोक पुन्हा एकत्र आले.

या सगळ्यात रुग्णवाहिका जाईल एवढा साधा पूल, रात्रीची एखादी बोट, गावातच एक बऱ्यापैकी दवाखाना, या मागण्या कुठल्या पानावर असतात? आमच्या मते त्या पहिल्या पानावर हव्यात. आठपदरी रस्त्याच्या नकाशात त्या तळटीप म्हणूनही सापडत नाहीत.

सुट्टीला जाणाऱ्याचाही यात वाटा आहे, आणि तो दर सोमवारी सकाळी गोराईच्या किनाऱ्यावर दिसतो. फुटक्या बाटल्या, प्लास्टिकच्या थाळ्या, घोडागाडीच्या चाकांनी उखडलेली वाळू. शनिवारी रात्री येणारे जथे मोठ्या आवाजात गाणी लावतात, आणि पहाटे तीनला समुद्रात जायचे असलेल्या खलाशाची झोप जाते. तेव्हा शक्यतो मधल्या वारी जा. राहायचे तर गावातल्या घरगुती खोल्या विचारा. मासळी घ्यायची तर धक्क्यावरच्या बाईकडून घ्या, आणि घासाघीस थोडकीच करा. पाण्याची बाटली जशी नेलीत तशी परत आणा. क्रूसापाशी पाय लांब करून बसू नका, तो कुणाच्या तरी घरचा असतो.

परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळी उतरतानाच विचारून ठेवावी, ती ऋतूनुसार बदलते. संध्याकाळी मार्वेकडे निघालेल्या बोटीत आपल्यासारखे वाळूने भरलेल्या चपलांचे लोक असतात. समोरून येणारी बोट मात्र जास्त भरलेली. तिच्यात शिकवणीहून परतणाऱ्या मुली, दोन गॅस सिलिंडर, एक नवे कपाट, औषधांची पिशवी मांडीवर धरून बसलेले एक आजोबा. दोन्ही बोटींचे तांडेल हात उंचावून एकमेकांना काहीतरी ओरडून सांगतात. इंजिनाच्या आवाजात ते आपल्याला ऐकू येत नाही.